डावीकडून उघडलेला अल्बम

रियाधच्या अल सुलै भागात, गोदामांच्या आणि लोखंडी सामानाच्या यार्डांच्या मधोमध, आमचा छापखाना होता. तिथे मी चौदा वर्षं नोकरी केली. काम तपासनिसाचं. मशिनवरून शीट आली की ती उजेडाच्या टेबलावर पसरायची, डोळ्याला भिंग लावायचं, चारही रंग एकमेकांवर नीट बसलेत की नाही ते बघायचं आणि मग जॉब शीटवर सही करायची. माझ्या सहीशिवाय खजुराचा साधा डबासुद्धा गेटबाहेर पडत नसे. या सहीचा मला माज होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच होता.

हे काम मी चिपळूणला शिकलो, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छोट्या छापखान्यात. तिथल्या मालकांनी पहिल्या वर्षात मला फक्त झाडू आणि शिव्या दिल्या, दुसऱ्या वर्षी भिंग दिलं. रियाधला आलो तेव्हा त्या भिंगाची सवय एवढी जडलेली की जेवताना लोणच्याच्या बाटलीवरचं लेबल दिसलं तरी हात खिशाकडे जायचा. खोलीतले लोक हसायचे. गुहागरचा एक एसी मेकॅनिक माझ्या शेजारच्या खाटेवर असे, तो म्हणायचा, "मेल्या, आधी लोणचा खा, मग लेबल बघ."

आणि मग सरकारनं कंपन्यांना रंग वाटले. ज्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी ती हिरवी, कमी असतील ती पिवळी, त्याहून कमी असतील ती लाल. आमची कंपनी पिवळ्यात गेली. पिवळ्या कंपनीत परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वाढवून मिळणं कठीण. जन्मभर दुसऱ्यांचे रंग तपासले, आणि आमच्याच कंपनीचा रंग उतरला तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

आमचा मॅनेजर सुदानी. देहानं दांडगा, मनानं मऊ. वाईट बातमी सांगायची असली की तो आधी चहा मागवायचा. त्या दिवशी त्यानं दोन चहा मागवले, तेव्हाच मी ओळखलं.

"तुझ्या इकाम्याला चार महिने राहिलेत," तो म्हणाला. "उद्यापासून एक सौदी येतोय, तुझ्या हाताखाली. त्याला तुझं काम शिकव. चार महिन्यांत तो एकट्याच्या सहीवर जॉब पास करायला लागला, तर तुझा इकामा वाढणार नाही. नाही लागला, तर आणखी एक वर्ष तू आहेस."

मी म्हटलं, "म्हणजे मी चांगलं शिकवलं तर घरी, आणि वाईट शिकवलं तर बढती?"

"बढती नाही. नुसतं एक वर्ष," तो म्हणाला. मग दाराकडे बघत आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "आणि हे त्याला सांगू नकोस. त्याला उगाच अवघडल्यासारखं होईल."

मला ते एक वर्ष हवं होतं. मुलगी रत्नागिरीला नर्सिंग करत होती, तिचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. ते पार पडलं की मी परत जायला मोकळा, असा आमचा घरचा हिशेब कधीचा ठरलेला. संध्याकाळी खोलीत सांगितलं तेव्हा गुहागरकरानं एका वाक्यात निकाल लावला: "त्येला काय्येक शिकवू नको. नुसता चाय पाज."

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. वय चाळिशीच्या आसपास, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा पायघोळ थोब, एका हातात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात खजुरांचा डबा. इंग्रजी अगदी अमेरिकनांसारखं. वडील सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत इंजिनियरिंग शिकायला गेलेले, त्यामुळे यांचं वयाच्या आठव्या वर्षापर्यंतचं बालपण तिकडचं. मी त्यांना 'शेख' म्हणू लागलो, तेही थोडं चिडवण्यासाठीच. ते मला 'मुअल्लिम' म्हणू लागले. अरबीत कुठल्याही कसबी माणसाला असं म्हणतात, म्हणजे गवंड्यालाही आणि गुरुजींनाही. आमचं बोलणं इंग्रजीतून, अडलं की अरबीतून.

पहिले तीन आठवडे माझे फार सुखाचे गेले. शेखना छपाईत काडीचा रस नव्हता, मला शिकवण्यात नव्हता. मी भिंग त्यांच्यापुढे ठेवायचो, ते त्यात एकदा डोकावून "वंडरफुल" म्हणायचे आणि आम्हा दोघांसाठी कहव्याचा एकेक पेला ओतायचे. एवढा मनमिळाऊ विद्यार्थी कुणाला मिळत नाही. मॅनेजरनं विचारलं की मी मान हलवून सांगायचो, "हळूहळू येतंय." मनात मुलीचं वर्ष पार पडल्यात जमा होतं.

मग एका सकाळी ते थर्मासच्या जोडीला एक जाडजूड अल्बम आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. वडील वारून दोन वर्षं झाली होती. त्यांच्या कपाटात हे सापडलं. बेसबॉलच्या खेळाडूंची जुनी कार्डं. शिकायला होते तेव्हा वडिलांनी तिकडच्या जुन्या बाजारांतून एकेक करून जमवलेली. इंटरनेटवर अशी कार्डं जमवणाऱ्यांचा एक फोरम होता. शेखनी तिथे आपला संग्रह टाकायचं ठरवलं, पण तिथला नियम असा की संग्रह कालखंडांत विभागून टाकायचा. कुठलं कार्ड कुठल्या काळातलं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुझं ते भिंग जरा देशील?" त्यांनी विचारलं. "ते लोक ठिपक्यांचे फोटो मागतायत. कसले ठिपके, देव जाणे."

मला बेसबॉलमधलं काही कळत नाही. दांडू गोल असतो आणि लोक फार पळतात, एवढीच माझी माहिती. पण ठिपके म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. कुठलाही रंगीत फोटो छापायचा तर चार रंगांच्या बारीक ठिपक्यांतून छापावा लागतो, आणि ते ठिपके कसे पाडलेत त्यावरून छपाई कधीची ते कळतं. मी अल्बम उजेडाच्या टेबलावर ओढला आणि म्हटलं, "शेख, खेळाडूंची नावं मला सांगू नका. इंटरनेटवर शोधूही नका. छपाईच सांगेल."

गर्व म्हणतात तो हा.

अल्बमात दीडेकशे कार्डं होती, आणि वडिलांनी ती काळ्या पानांवर चक्क गोंदानं चिकटवली होती. कार्डांच्या पाठी बघायची सोय नाही. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सुरुवातीला छान रंगीत फोटोंची मोठी कार्डं. मधे फोटोंवर हातानं रंग चढवल्यासारखी. मग जाड पुठ्ठ्यावरची, चित्रासारखी रंगवलेली. आणि शेवटच्या पानांवर अगदी छोटी, काडेपेटीपेक्षा जरा मोठी, ज्यांत ठिपक्यांची जाळीच नव्हती. सपाट रंग, एकावर एक. आमच्या भाषेत शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली.

माझा डोळा मला स्पष्ट सांगत होता की शिळाछाप म्हणजे सगळ्यांत जुनं. पण अल्बमात ती शेवटी होती. आणि वडील, शेखच्याच शब्दांत, असे टापटिपीचे की घरातले स्क्रू ड्रायव्हरसुद्धा उंचीप्रमाणे लावायचे. असा माणूस जुनं शेवटी लावील? मी डोळ्याला गप्प बसवलं आणि डोकं चालवलं. म्हटलं, ही छोटी कार्डं नंतरचीच. जुन्या धाटणीची मुद्दाम काढलेली. आम्ही नाही का रमजानात जुन्या धाटणीचे खजुराचे डबे काढत? आणि आकार छोटा का, तर कागद महागला असणार. कागद महागला की आकार घटतो, हे मी चौदा वर्षं बघत होतो. माझ्या अकलेवर मीच खूश झालो.

चार कालखंड केले. प्रत्येकाला एकेक परिच्छेद लिहिला, शाईचं, पुठ्ठ्याचं, कटिंगचं सगळं वर्णन. शेखनी तो टाइप केला, पानांचे फोटो जोडले आणि वर लिहिलं, "विभागणी: माझे मुअल्लिम, तीस वर्षांचा अनुभव." मी म्हटलं चोवीस आहेत. ते म्हणाले तीस बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेख आले ते खुर्चीत बसायच्या आधीच हसत होते. फोरमवर धुमाकूळ उडाला होता. निम्मे लोक गोंदावरून रडत होते. एकानं लिहिलं होतं की हे पाहून त्याला जेवण गेलं नाही. उरलेले निम्मे माझ्यावर तुटून पडलेले. शंभर वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटांत मिळणाऱ्या कार्डांना तीस वर्षांचा अनुभव असलेल्या या मुअल्लिमांनी सगळ्यांत नवीन ठरवलं आहे, आणि सगळ्यांत नवीन कार्डांना सगळ्यांत जुनं. एक निवृत्त शिक्षक होते, तेवढे सभ्यपणे बोलले. त्यांनी लिहिलं, "वर्णन अचूक आहे. इतकं बारीक वर्णन मी या फोरमवर वाचलेलं नाही. फक्त क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा आहे. हे कसं झालं असावं, याचं मला कुतूहल आहे."

मलाही होतं. मी तावातावानं अल्बम पुढे ओढला आणि शेखना म्हणालो, "तुमच्या वडिलांनीच अशी लावलीत. हे बघा पहिलं पान."

शेखनी माझ्याकडे बघितलं, अल्बमाकडे बघितलं. मग त्यांनी अल्बम उलटा केला, पाठीमागचा पुठ्ठा उजवीकडून उघडला आणि म्हणाले, "मुअल्लिम, पहिलं पान हे."

उजवीकडून. अरबी माणूस वही उजवीकडून उघडतो, उजवीकडूनच भरत जातो. छोटी शिळाछाप कार्डं पहिल्या पानावर होती, जिथे ती असायला हवी तिथेच. मी कार्डांवरची इंग्रजी अक्षरं बघितली आणि अल्बम डावीकडून उघडला.

आणि मी कोण? ज्याच्या हाताखालून चौदा वर्षं अरबी पुस्तकं गेली, उजव्या बाजूला शिलाई असलेली. एका नव्या बाइंडरनं एकदा अरबी पुस्तक डावीकडून शिवलं, तर मी त्याला सगळ्यांसमोर उभा आडवा घेतला होता. तोच मी. कान इतके तापले की एसीखाली बसूनही घाम आला. शेख मात्र टेबलावर डोकं टेकून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मलाही हसू आवरेना. बाहेरून मशिनवाले आत डोकावून गेले.

त्या दिवशी काहीतरी फिरलं. हसून झाल्यावर शेखनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच खराखुरा प्रश्न विचारला. "पण तुला ते ठिपक्यांवरून कळलं होतं ना? मग काय कळलं होतं, ते मला दाखव."

दाखवायला लागलो. अल्बमातली कार्डं चिकटलेली, पण बिस्किटांच्या डब्यात शंभरेक सुटी होती. ती हातात घेता येत होती. शिळाछापेत रंगाचे डाग कारागिराच्या हातचे असतात, वेडेवाकडे. फोटोच्या छपाईत जाळी असते, आखून दिल्यासारखी. पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा एकमेकांना चिकटून बसले तर चित्र रेखीव दिसतं, आणि एखादा केसभर सरकला तर खेळाडूच्या ओठांचा रंग त्याच्या हनुवटीवर जातो. जुन्या पुठ्ठ्याची पाठ खरखरीत आणि करडी. कात्रीच्या यंत्राचं पातं बोथट असलं की एका कडेला बारीक लव उठते, बोटाला लागते. शेख एकेक कार्ड बोटांत फिरवत राहायचे. कहव्याचा पेला निवून जायचा, त्यांना भान नसायचं.

आम्ही विभागणी पुन्हा केली, यावेळी उजवीकडून. फोरमवर टाकताना शेखनी चूक कशी झाली तेही लिहिलं, माझी लाज राखायचा कसलाही प्रयत्न न करता. लोक खूप हसले आणि खूप जणांना आवडलं. त्या निवृत्त शिक्षकांनी लिहिलं की खेळाडू आणि सामने विसरून नुसत्या शाईवरून लावलेली कार्डं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली आणि आता घरची कार्डं ते भिंगाखाली बघणार आहेत. मी ते शेखकडून दोनदा वाचून घेतलं.

एक दिवस शेख डब्यातली कार्डं चाळता चाळता ओरडलेच. मला वाटलं बोट कापलं. त्यांच्या हातात एक छोटं कार्ड होतं, सिगारेटवालं, डब्यातलं एकुलतं एक. "मुअल्लिम, याला जाळी आहे! बघ! हे शिळाछाप नाहीच! हे नकली आहे!" मी बघितलं. खरंच नंतरच्या काळातली नक्कल होती. स्वतःच्या बापाचं कार्ड खोटं निघालं म्हणून माणूस इतका खूश झालेला मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी ते मॅनेजरला दाखवलं, मशिनवाल्यांना दाखवलं, गेटवरच्या पहारेकऱ्यालाही दाखवलं.

आणि त्याच दुपारी ते भिंग घेऊन मशिनकडे गेले. आपणहून.

मी टेबलापाशी उभा राहून बघत होतो. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि लगेच मी बोटांवर महिने मोजले. चार महिन्यांपैकी दोन अजून बाकी होते, आणि हा माणूस शिकायला लागला होता. संध्याकाळी गुहागरकरानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मी तुला चाय पाजायला सांगितलंनी होता. तू काय पाजलंस?"

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड मिटलं. शेखनी काही विचारलं की म्हणायचो, "ठीक आहे," "चालतं," "तुम्हीच बघा." दोन दिवस मी असा वागलो. फार अवघड गेलं. आयुष्यात कधी एवढा गप्प बसलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी खजुराच्या डब्याची शीट आली. शेखनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ठीक आहे ना?"

ठीक नव्हतं. पिवळा सरकला होता. खजुराच्या झाडाच्या पानांना एका बाजूनं पिवळी किनार आली होती. मी म्हटलं, "तुम्ही ठरवा."

त्यांनी पेन उचललं. पेनाचं टोक कागदाला लागायच्या आत माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी पेन हिसकावून घेतलं. "पानाची कड बघा, शेख! डावी कड! आंधळे आहात का?"

त्यांना मी याआधी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. तेही दचकले. पण त्यांनी निमूटपणे पुन्हा भिंग लावलं, कड बघितली आणि हळूच म्हणाले, "ओह." पुढे तो जॉब थांबवायला ते स्वतः मशिनपाशी गेले. मी खुर्चीत बसलो आणि मला कळून चुकलं की माझ्याच्यानं हे जमायचं नाही. मुलीचं वर्ष डोळ्यांपुढे होतं, तरी वाईट शीट जाऊ देणं मला शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर या माणसाला अडाणी ठेवणंही शक्य नव्हतं. त्यानंतर मी हात राखून शिकवलं नाही. जे येत होतं ते सगळं दिलं. चिपळूणच्या मालकांनी मला दोन वर्षांत जेवढं दिलं तेवढं मी दोन महिन्यांत दिलं, आणि शिव्या कमी दिल्या.

चौथ्या महिन्याच्या शेवटी मॅनेजरनं परीक्षा घेतली. शाळेच्या वह्यांच्या मुखपृष्ठांचा मोठा जॉब होता. मला सांगितलं, कॅन्टीनमध्ये बस, इकडे फिरकायचं नाही. मी पाच चहा प्यायलो. दोनदा मशिनचा आवाज बंद पडला. म्हणजे शेखनी दोनदा शीट नापास केली. तिसऱ्यांदा मशिन चालू झालं ते चालूच राहिलं.

मॅनेजर कॅन्टीनमध्ये आला आणि समोर बसला. यावेळी त्यानं चहा मागवला नाही. "माझा विश्वास तुझ्यावर आहे," तो म्हणाला. "तू सांग. तयार आहे का तो?"

नाही म्हणायला दहा कारणं होती आणि दहाही मला पाठ होती. चंदेरी शाईला त्यांचा हात लागला नव्हता. पुठ्ठ्याच्या घडीचं अजून कच्चं होतं. यातलं एक जरी तोंडातून काढलं असतं तरी मॅनेजरनं मानलं असतं, कारण त्यालाही तेच ऐकायचं होतं असं मला वाटतं.

मी अरबीत म्हणालो, "खलास," म्हणजे झालं. "तयार आहे."

संध्याकाळी घरी फोन केला. बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्हीच शिकवलंत का त्यांना?"

"हो."

"नीट शिकवलंत?"

"हो."

"मग झालं तर. या. पोरीचं बघू आपण." आणि बघितलंही. धाकटा मेहुणा मदतीला आला, मलाही चिपळूणला काम मिळालं, आणि मुलगी वेळेत नर्स झाली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी खाटेखालची बॅग ओढून काढली.

कायमचं परत जाताना कंपनीचा एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. स्टोअरची सही, कॅन्टीनची सही, कॅम्पची सही, या माणसाकडे आमचं काही नाही अशी. एक दिवस मी तो घेऊन सगळीकडे हिंडलो. सगळ्यांनी पाठ थोपटली, सह्या केल्या. शेवटची चौकट विभागप्रमुखाची. विभागप्रमुख आता शेख.

मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचू लागले आणि वरच्या ओळीतल्या 'खुरूज'पाशी, म्हणजे कायमच्या रवानगीपाशी, थांबले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. चहा, चार महिने, एक वर्ष, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी शिकवलंस? का? वेडा आहेस का तू?" ते खरोखर रागावले होते. खुर्ची मागे ढकलून उभेच राहिले.

मी म्हटलं, "शेख, चौदा वर्षं मी शीट नापास केल्या. लोकांनी थांबवल्या, शिव्या घातल्या, पुन्हा छापल्या. पण का नापास केली, हे दाखव, असं मला कधी कुणी म्हणालं नव्हतं. तुम्ही म्हणालात. मला फार बरं वाटलं. बस, एवढंच."

ते खिडकीपर्यंत गेले, परत आले, खाली बसले. मग त्यांनी भिंग घेतलं आणि माझ्या फॉर्मवर ठेवलं. मला वाटलं, डोळे लपवण्यासाठी. बराच वेळ ते वाकून बघत होते. शेवटी त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"मी सही करणार नाही. नापास."

"शेख, थट्टा नको. रविवारी विमान आहे."

"थट्टा नाही. स्वतः बघ."

मी भिंग लावलं. फॉर्मच्या वर कंपनीचं बोधचिन्ह होतं, हिरव्या गोलात निळी रेघ. निळा सरकला होता. अर्ध्या केसाएवढा, पण सरकला होता. हे फॉर्म आमच्याच मशिनवर छापलेले. पास माझ्या सहीनं झालेले. कितीतरी वर्षं मी ते बघत आलो होतो आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

मी मान वर केली. शेख गंभीर होते, अगदी चिपळूणचे मालक असायचे तसे. त्यांनी नापासाची चिठ्ठी काढली. तिच्यात कारण लिहायची जागा असते, ते त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: निळा सरकला आहे, सर्व फॉर्म पुन्हा छापावेत. मशिन मोकळं व्हायला चार दिवस लागणार होते, म्हणजे माझं विमान गेलं. त्याखाली चूक मान्य असल्याची सही लागते, जॉब ज्यानं पास केला त्याची. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, आणि मी सही केली.